बॅटरी नसलेलं मशीन

आधीच सांगते, भुताखेतांशी माझा काही संबंध नाही. वाशिमला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रिपोर्टवर जे येईल तेच खरं मानते. आमच्या घरात बाबांनी कधी अंगारा-धुपारा शिरू दिला नाही. तरी हे लिहितेय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे!

आम्ही मूळचे रिठदचे. माझा मोठा भाऊ, विजयदादा, यानं रिसोडला बस स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. नाणं टाकून खेळायचं, माणसाएवढं उंच असं मारामारीच्या गेमचं एकच मशीन, पण पोरं नुसती तुटून पडायची. आतल्या बोर्डावर एक छोटी बॅटरी होती. जुनी झालेली दिसली म्हणून दादानं मशीन बिघडायच्या आधीच ती बदलायची ठरवली. जुनी काढली... आणि मशीन मेलं. नवी बसवूनही पडदा नुसता निळा.

दुकान बसलं. बाबा चारचौघांत बोलून गेले, "तुह्या हाताले यशच नाही रे." बाबा वारले, पण ते वाक्य दादाच्या मागे राहिलं. विजेच्या कामाची एवढी जाण असलेला माणूस, पण नंतर घरचा फ्यूजही बांधेना. कापड दुकानात नोकरीला लागला. म्हणायचा, "मी हात लावला का वाटोळं होते."

मागच्या महिन्यात मी विकत घेतलेला मोबाईलवरचा गेम अचानक उघडेना. कंपनीनं सर्व्हर बंद केला म्हणे. पैसे माझे आणि कुलूप त्यांचं! संतापून नेटवर शोधत बसले, तर दादाच्याच मशीनची माहिती समोर आली. कोणी नक्कल करू नये म्हणून ते मशीन बनवणाऱ्या कंपनीनं गेमला कुलूप घातलं होतं, आणि त्याची किल्ली त्या बॅटरीवर जिवंत ठेवलेली. बॅटरी संपली किंवा काढली की किल्ली पुसली जाणार, गेम मरणार. आज नाही तर उद्या, कोणाच्याही हातून. मुद्दाम तसंच बनवलेलं!! सापळा चोरासाठी, अडकला आमचा दादा. अरे, तुमची नक्कल करायला रिठदचा पोरगा बसला होता का?

तशीच तडक रिसोडला गेले. दादानं नेमकं मशीन भंगारवाल्यासाठी अंगणात काढलं होतं. भर दुपार, कडक ऊन. मी रागारागानं सगळं सांगितलं. तो मागचं झाकण काढून बोर्डाकडे बघत राहिला. बॅटरीची जागा रिकामी होती — नवी बसवलेली त्यानंच तेव्हा वैतागून उपटून फेकली होती.

"म्हंजे माह्या हातानं नाही मेलं?"

"नाही रे दादा! मरायसाठीच बनवलं होतं त्यायनं."

तेवढ्यात भंगारवाला आला. त्याला पडदा चालतो हे दाखवायचं होतं, म्हणून दादानं पिन लावून बटण दाबलं. निळा पडदा आला... आणि गेम सुरू झाला. तेच संगीत, तेच दोन पहिलवान! भंगारवाला म्हणाला, "चालू मशीन कायले विकून राह्यले भाऊ?" मी मागे जाऊन बोट घालून पाहिलं. बॅटरी नव्हती.

दादा हसतही होता, रडतही होता. नाण्याचा खटका हातानंच दाबून एक डाव खेळला, हरला. मग स्वतःच बटणाकडे गेला. मी ओरडले, "काहून बंद करून राह्यला तू?"

"आता मी बंद करून राह्यलो," तो म्हणाला. "कंपनी नाही."

त्यानंतर ते पुन्हा लागलं नाही. पुन्हा निळा पडदा. 'कुठेतरी चार्ज शिल्लक असेल' अशी कमेंट टाकणाऱ्यांनी आधी इतकी वर्षं चार्ज धरून दाखवावा, मग शहाणपण शिकवावं. मशीन चालू कसं झालं, खरंच सांगता येत नाही. मेलं कसं ते सांगता येतं, पण ते ऐकायला बाबा नाहीत... आणि जास्त राग त्याचाच येतो.

मशीन भंगारात दिलं नाही. काल फोन केला तर दादा घाईत होता. "मंग बोल वो, शेजारच्या काकूचा मिक्सर खोलून बसलो."