चोवीस चित्रांचे भावोजी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या तक्रारी लिहून घेतात. पण ते झालं पोटासाठी. आपण मुळात सिनेमावाले, चुकून मीटरकडे वळलो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्यांच्याकडे तळहातात मावणारा घरगुती कॅमेरा आहे आणि त्यावर ‘सिनेमा’ लिहिलेलं एक बटण आहे. ते बटण सापडल्यापासून ताईच्या घरात कुणाला सुख नाही.

भावोजींचं म्हणणं असं, की साधा व्हिडिओ सेकंदाला साठ चित्रं घेतो, म्हणून तो बातम्यांसारखा दिसतो. सिनेमा घेतो चोवीस. बटण दाबलं की आपला कॅमेराही चोवीसच घेतो. गंमत म्हणजे साठवताना तो त्यातलीच चित्रं पुन्हापुन्हा घालून साठ भरून काढतो, आणि मग भावोजी रविवारभर संगणकापुढे बसून ती जास्तीची उपसत बसतात. याला आम्ही नसती उठाठेव म्हणतो, ते एडिटिंग म्हणतात.

शिवाय नियम. कॅमेरा भरकन फिरवायचा नाही, चित्र थडथडतं. समोरच्यानेही जपून हलायचं.

“हळू वाढ गं, हात फिस्कटतोय,” असं ते ताईला जेवताना सांगतात.

“अहो, जेवण गार झालं!”

“होऊ दे. दिसतंय छान.”

अख्खं घर त्यांच्यासमोर आजारातून उठल्यासारखं वावरतं. ऐकत नाही ती फक्त माझी भाची. ती पाचवीत आहे आणि तिला चालणं माहीतच नाही, पळणं माहीत आहे.

शाळेच्या शर्यतीत पहिली येणारी एकच मुलगी पुढे मोठ्या स्पर्धेला जाणार होती. भाचीने त्यासाठी तीन महिने पहाटे उठून मैदान तुडवलं. त्या दिवशी भावोजींनी शेवटच्या रेषेशी कॅमेऱ्याची तिपाई रोवली, बटण दाबलं आणि छोट्या पडद्यात डोकं खुपसलं. मी शेजारीच होतो, ताई मागे गर्दीत.

भाची आणि एक उंच मुलगी, दोघी एकदमच रेषेवर आल्या. रेषेवरच्या मास्तरांना काही सांगता येईना. खेळाच्या बाई म्हणाल्या, “कुणी शूटिंग केलंय का?” सगळं मैदान भावोजींकडे वळलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांचा सिनेमा आपणहून मागत होतं. त्यांची छाती फुगली.

बाईंनी एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. एका चित्रात दोघी रेषेच्या अलीकडे. पुढच्या चित्रात दोघी पलीकडे, त्याही ओल्या फडक्याने पुसल्यासारख्या.

“या दोन चित्रांच्या मधलं चित्र?” बाईंनी विचारलं.

“मधे काही नसतं, बाई,” भावोजी कौतुकाने म्हणाले. “तेच तर सिनेमाचं सौंदर्य आहे.”

ताईने कपाळावर हात मारला. बाईंनी दोघींना पुन्हा पळायला लावलं. या वेळी ताईने स्वतः पुढे होऊन ते बटण बंद केलं. भाचीच्या पायात आता त्राण नव्हतं. ती चांगली चार पावलं मागे राहिली, आणि तिचं हरणं साठच्या साठ चित्रांत अगदी लख्ख आलं.

घरी येईपर्यंत ती रडली नाही. बूट सोडता सोडता तिने विचारलं, “बाबा, पहिल्या वेळी मी पुढे होते ना? कॅमेऱ्याचं जाऊ दे. तू पाहिलंस ना?”

भावोजींचा चेहरा पडला. “मी... मी फोकस बघत होतो गं.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “मामा, तू तर तिथेच उभा होतास. तू पाहिलंस?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती रेषेवर आली तेव्हा मी भावोजींकडे बघून हसत होतो.