आरशावरचा चरा

आमच्या दुर्बिणीच्या आरशावर एक चरा आहे. कडेपासून निघून जवळजवळ मध्यापर्यंत जातो. तो माझ्या बायकोच्या बांगडीमुळे पडला, असं आमच्या घरात आणि आरसे घासायला शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात इतकी वर्षं सगळे धरून चालले आहेत. ते खोटं आहे. तो मी पाडला.

मी निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोघांनी घाटकोपरच्या एका रविवारच्या वर्गात नाव घातलं. पहिली दुर्बीण विकत आणायची नाही, स्वतः बनवायची, असा तो वर्ग होता. सहा इंची दोन जाड काचा मिळतात. खालची पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि खरखरीत पूड टाकायची आणि वरची काच पुढेमागे घासत भोवती फिरत राहायचं. काही महिन्यांनी वरच्या काचेला खोलगटपणा येतो. तोच आरसा. मुलुंडला आमच्या बाल्कनीत पाण्यानं भरलेला एक ड्रम होता, त्याच्यावर आम्ही हे करायचो. सकाळी ती, दुपारी मी.

"देवाला कधी एक प्रदक्षिणा घातली नाहीत," ती म्हणायची. "आता ड्रमाला रोज दोनशे!"

वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडायच्या, "काय गं, गिरण काढलीस का? माझे पण दोन किलो दळून दे ना!"

"बारीक दळते. चालेल?" ही खालून विचारायची.

पूड आधी जाडी, मग बारीक, मग त्याहून बारीक. पूड बदलली की सगळं धुवायचं, फडकी आणि खालची वर्तमानपत्रं बदलायची, कारण जाड्या पुडीचा एक कण राहिला तरी काचेवर चरा पडतो. हे सगळं ती करायची. मला ते अति वाटायचं. सरांनी बायकांना बांगड्या काढायला सांगितल्या होत्या. तिनं त्या कोपराकडे सरकवल्या आणि वरून रुमाल बांधला. "काढणार नाही," एवढंच म्हणाली.

शेवटच्या पुडीवर होतो तेव्हा एका दुपारी ती भांडुपला बहिणीकडे गेली. मी घासायला उभा राहिलो. खिडकीच्या गजाला जुनं फडकं लटकत होतं, तिनं टाकायला काढलेलं. त्यानं मी हात पुसले आणि काचही पुसली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कर्र असा आवाज आला. काच उचलून धुतली. चरा होता. मी फडकं कचऱ्यात टाकलं, काचा ती ठेवायची तशा झाकून ठेवल्या आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत गेली आणि थोड्या वेळानं आत आली.

"अहो, चरा पडलाय. माझ्याकडून झालं का?"

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "बांगड्या काढल्या होत्यास का?"

त्याहून जास्त मी काही बोललो नाही. तेवढं पुरलं.

सरांनी आरसा पाहिला, तिच्या बांगड्या पाहिल्या. म्हणाले, "नक्षीत जाडा कण अडकून राहिला असणार." चऱ्यानं चित्र बिघडत नाही, म्हणून तो तसाच ठेवायचं ठरलं. पुढच्या रविवारी ती वर्गाला मोकळ्या हातांनी आली. पण काचेला पुन्हा हात लावला नाही. उरलेलं घासणं मी केलं, पॉलिशही मीच केलं. ती तांब्यानं पाणी घालायची, जरा लांब उभी राहून.

दुर्बीण उभी राहिल्यावर एका संध्याकाळी गच्चीवर पहिल्यांदा चंद्र लावला. ती बराच वेळ डोळा लावून होती. मला वाटलं, विवरं बघतेय.

"नाही दिसत हो," ती म्हणाली.

"काय?"

"चरा. चंद्रावर कुठेच नाही दिसत."

तेव्हा सांगता आलं असतं. गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सरक, मला बघू दे."

ती जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात सरांनी मला आरसा घेऊन नव्या वर्गात बोलावलं. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि दर वर्गाला सांगतात तसं सांगितलं, की एका बाईंनी बांगड्या काढल्या नव्हत्या. पहिल्या बाकावरच्या बाईंनी लगेच एका हातातल्या बांगड्या उतरवल्या.

मी म्हणालो, "बांगडीनं नाही. मी घाणेरड्या फडक्यानं काच पुसली होती. तिचं नाव मी पुढे केलं."

सर म्हणाले, "असू द्या. नियम तर बरोबरच आहे ना."

त्या बाईंनी मला विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

त्यांनी दुसऱ्या हातातल्याही बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. सरांनी जाड्या पुडीचं पाकीट फोडलं. मी आरसा गुंडाळून पिशवीत घातला. सर म्हणाले, चहा घेऊन जा. मी घेतला.