सुताराची शेवटची पेटी

शेजारचं माणूस जेवत नाही, हे तुम्हाला कधी कळतं? वास सुटल्यावर, होय ना?

आपल्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाली काकू राहते. तिचा नवरा सुतार. ओल्या कचऱ्याचं घरीच खत करा म्हणून मी घरोघरी घसा कोरडा करत होतो, तेव्हा ऐकलं फक्त या दोघांनी. त्याने उरल्यासुरल्या फळ्यांची पेटी ठोकली, बुडाला भोकं पाडली आणि मी आणलेली ओंजळभर गांडुळं तिच्यात सोडली. सालं, देठं, चहाचा चोथा, सगळ्याचं काळंभोर खत व्हायचं. फुकटचे मजूर मिळाले, सुट्टीही मागत नाहीत, म्हणून सुतार हसायचा. पुढे तो अंथरुणाला खिळला. ती पेटी शेवटचीच ठरली.

मग एक दिवस गांडुळं काकूच्या दाराबाहेर जिन्यात आली. वरच्या मजल्यावरचे मास्तर नाकाला रुमाल लावून माझ्या दारात हजर: तुमचं खूळ तुम्हीच निस्तरा, पेटी आजच्या आज फेका. मीही तणतणत गेलो. शिजवलेलं घालायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

झाकण उघडलं, तर आत आंबलेलं अन्न. थरावर थर. त्या आंबट वाफेने गांडुळं जीव घेऊन पळाली होती.

दोन माणसांच्या घरात एवढं उरतं कसं, मी विचारलं. तिने इस्त्री उभी केली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"घासभरही जात नाही रे ह्यांना. पण एकटीपुरतं शिजवलं, तर कळेल ना त्यांना, मी आशा सोडली म्हणून. बादलीत टाकायला हात धजत नाही. म्हटलं, ह्यांच्याच पेटीत जाऊ दे, कुणाच्या तरी पोटात जाईल."

मी खाली बसलो आणि हातांनी ते अन्न उपसलं. सुका पाला, कागदाचे तुकडे मिसळले. मास्तरांना सांगून आलो, पेटीला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.

सुतार गेला. पेटी राहिली. पण एकट्या बाईच्या घरात सालं निघणार किती? परवा पाहिलं, तर ती अख्खी काकडी पेटीत चिरत होती. तू जेवलीस का, विचारलं. म्हणाली, एकटीसाठी कोण गॅस पेटवतं.

म्हणून सांगतो, तुमच्या घरातली सालं तिला नेऊन द्या. पिशवी कडीला अडकवून पळू नका. बेल वाजवा, आत जा, आणि तिच्याबरोबर बसून दोन घास खाऊन या.