उत्तर देणारे काका

समता कॉलोनीत माझ्या घराला लागूनच एक काका राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात एकटे. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक जाहिरातीला ते उत्तर देतात. एका बोटाने, ओठ हलवत लिहितात. साड्यांच्या सेललाही लिहितात, की घरात आता साडी नेसणारं कोणी नाही, माफ करा.

"काहून लिहिता काका? तिकडे कोणी वाचत नाही," मी एकदा म्हटलं.

"कोणी विचारलं तं सांगा लागते ना, बेटा."

दुकानांच्या जाहिराती करणं हेच माझं काम. निरोप मी हिंदीत लिहिते, पाठवते मशीन.

परवा काका पेढ्यांचा डबा घेऊन निघाले. त्यांचा वाढदिवस होता. शेजारी असून मला माहीत नव्हतं. शुभेच्छा आल्या होत्या फक्त एका चष्म्याच्या दुकानाकडून.

"नाव घेऊन लिहिलं त्यानं. तोंड गोड करून येतो."

तासाभरात परतले. डबा भरलेलाच होता. "तिथं कोणी ओळखलं नाही," एवढंच बोलले आणि मला पेढा दिला.

त्या शुभेच्छा माझ्याच होत्या. ऑफिसात जाऊन मी त्या दुकानाला आलेली उत्तरं पहिल्यांदा उघडली. बहुतेक काकांचीच होती. गुडघा आज बरा आहे. तुम्ही जेवलात का. शेवटचं परवाचंच, हिंदीत: 'भैया, आज दुकान आया था. आप मिले नहीं. फिर आऊँगा.'

त्याखाली मशीनचं उत्तर: 'आपका संदेश हमारे लिए महत्वपूर्ण है.'

ते वाक्यही माझंच.