आमच्या व्याह्यांचा घसा

आमच्या व्याह्यांसारखा आवाज सोलापुरात दुसरा नव्हता, आणि तो एकच होता हे गावाचं भाग्य. गिरणीचा भोंगासुद्धा ठरल्या वेळी थांबतो; व्याही थांबत नसत. ते जनावरांच्या बाजारातले दलाल. त्यांनी बैलाची तारीफ सुरू केली की गिऱ्हाइकाआधी बैल दचके. माझ्या मुलीच्या लग्नात भटजींची मंगलाष्टकं त्यांच्या एका "पंगत बसवा"खाली बुडाली. मीही मेंढरं राखता राखता व्यापारी झालेला माणूस, कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. पण त्यांच्याशी भांडताना माझं तोंड नुसतंच हलतंय असं लोकांना वाटे.

इंग्रजांनी सोलापुरावर लादलेला मार्शल लॉ उठला त्या साली, म्हणजे तीस साली, हा आवाज बसला. दिवाळीला बसला तो संक्रांत उलटली तरी उठेना. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली, अंगारा झाला. मग त्यांनी बाजारभर सांगायला सुरुवात केली, की ईवायाच्या, म्हणजे माझ्या, घरच्या शेंगाचटणीनं घसा धरला, तेल खवट होतं. घोगऱ्या आवाजात सांगत, म्हणून लोक जवळ येऊन नीट ऐकत. माझं डोकं फिरलं. चटणीवरचा आळ पुसायचाच म्हणून मी त्यांना टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांची जीभ फडक्यात धरून ओढली, घशात लांब दांड्याचा आरसा घातला आणि तो फिरवून फिरवून आत पाहिलं. मी विचारलं, चटणी का? ते म्हणाले, खाण्याचा संबंध नाही. आवाज जिथून निघतो तिथंच गाठ आहे. घोगरेपणा जाईना तेव्हाच यायला हवं होतं, पण अजून पसरलेली दिसत नाही. मुंबईला जाऊन आवाजाची पेटीच काढावी लागेल. आवाज जाईल, जीव कदाचित वाचेल. नाही काढली तर श्वास कोंडेल. "याला कर्क म्हणतात."

व्याही एकदम सैल झाले. "मग ह्ये माझं न्हवंच. माझी रास तूळ हाय. कर्क तर ह्यांच्या जावयाची." माझा जावई म्हणजे त्यांचाच मुलगा.

डॉक्टर हसले नाहीत. रास नव्हे, रोग, त्यांनी समजावलं. खेकड्यासारखा नांग्या रोवून बसणारा. व्याही ऐकत होते, आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी होती. ती मला त्या दिवशी प्रथम ऐकू आली.

परतताना म्हणाले, "ईवाई, दलालाचा आवाज काढल्यावर ऱ्हातंय काय? म्या न्हाय जात." मी चिडलो, ओरडलो, टांगेवाल्यानं घाबरून घोडा उभा केला. शेवटी त्यांचं उपरणं ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, आणि तिथं ठरलेलं कुणी मोडत नाही.

"बोला," मी म्हटलं, "आवाज दिला तर किती वर्सं पायजेत?"

मग त्यांनी माझी पाचही बोटं धरली. पाच वर्षं.

उभ्या जन्मात मी सांगितल्या भावाला होय म्हटलेलं नाही. इथं तर मालही माझा नव्हता. डॉक्टरांनी एका वर्षाचीही हमी दिली नव्हती. मी तो हात घट्ट दाबला आणि ठरलं म्हणालो.

ते मुंबईला गेले. गळ्याला भोक घेऊन परतले, बाजारात बसले, शब्दावाचून सौदे केले. नातवावर रागावताना नुसते ओठ हलवत, आणि तो कार्टा हसत त्यांच्याच मांडीवर चढे. चौथ्या वर्षी गाठ पुन्हा उठली आणि त्यांना घेऊन गेली. मापात मारणाऱ्याला मी आजवर सोडलेलं नाही. पण या खेपेला भांडायला जायचं कुणाच्या दारात, ते अजून सुचत नाही.