अक्काताईंनी परत धाडलेली पाकिटं

मी ज्ञानू, कोर्टाचा निवृत्त बेलीफ. एकतीस वर्षं लोकांच्या दारात नोटिसा घेऊन गेलो आणि एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्या. कळंब्यात घर बांधलं तेव्हा शेजार कसा मिळतोय याची धास्ती होती. समोर अक्काताई मिळाल्या, हे माझं नशीब.

अक्काताईंचं माहेर कानडी, सासर मराठी. रागावल्या की दोन्ही भाषा सुरू. आंघोळ झाली की कपाळाला विभूती, दाराच्या चौकटीवर विभूतीचे तीन पट्टे, आणि मग कडक भाकरी थापायला बसायच्या. लग्नघरांतून मागणी असायची. नवरा शिवपुत्र टेम्पो चालवायचा. दोघांनी कर्ज काढून घर बांधलं आणि वर्षभरात शिवपुत्रच्या किडन्या गेल्या. दवाखाना आणि हप्ते दोन्ही ओढवेनात. तो गेला तेव्हा बरेच हप्ते थकले होते.

मग रजिस्टर पाकिटं यायला लागली. पोस्टमन दारात आला की अक्काताई हात पाठीमागं घ्यायच्या. "सही करणार न्हाय. न्या परत." अशी तीन पाकिटं परत गेली. मी समोरच राहतो, पण मला पत्ता नाही, कारण दुपारी मी झोपा काढतो.

चौथ्या खेपेला फायनान्स कंपनीची माणसं आली. त्यांनी घराचा कागदोपत्री ताबा घेतल्याची नोटीस दारावर डकवली, फोटो काढला आणि गेली. मी वाचलं आणि तडकलोच.

"आधीची पाकिटं कुठं हायत?"

"घेतलीच न्हाईत."

"अक्कल गहाण टाकली व्हय? घेतलं न्हाय म्हणजे लागू होत न्हाय, हे कुणी सांगितलं तुमाला?"

"तुमीच की वो दादा. कट्ट्यावर सांगत हुतासा, एका पाटलानं सही केली न्हाय आन् तुमी हात हलवत परत आला म्हून."

तो किस्सा मी शंभरदा सांगितला असेल. लोक पोट धरून हसायचे. दुसऱ्या दिवशी मी दोन पंच घेऊन गेलो, पाटलाच्या दारावर नोटीस डकवली, 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि कोर्टानं ती त्याला मिळाली असंच धरलं, हे मात्र मी गाळायचो. त्यावर कोण हसणार?

अक्काताईंना घेऊन तेजस्वी नावाच्या वकीलबाईंकडं गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या नोटिशीनंतर साठ दिवस होते. त्यात लेखी हरकत घेतली असती तर कंपनीला उत्तर द्यावं लागलं असतं. आता पंचेचाळीस दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येईल. पण कंपनीची चूक दाखवावी लागेल. आधी फाईल बघू."

आम्ही तिघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. फाईलमध्ये तिन्ही पाकिटं होती, न फोडलेली. तिथल्या साहेबांनी ती आमच्यासमोर फोडली. तिसऱ्यात धमकी नव्हती, तडजोड होती. थकलेले हप्ते वर्षभरात भरा, कर्ज पहिल्यासारखं चालू राहील. तीस दिवसांत सही करून पाठवा. मुदत संपून दोन महिने झाले होते. वकीलबाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं, साहेब म्हणाले, आता काही होत नाही. कंपनीची चूक कुठं सापडली नाही.

एकच वाट उरली. लिलावाची नोटीस निघण्याआधी कंपनीची लेखी संमती घेऊन घर आपणच विकायचं. लिलावात ते मातीमोल गेलं असतं. गिऱ्हाईक मी शोधलं. तेवढं तरी केलं. जायच्या दिवशी अक्काताईंनी चौकटीवरचे तीन पट्टे ओल्या फडक्यानं पुसले. मला ते बघवलं नाही.

आता त्या हातकणंगल्यात एका भाड्याच्या खोलीत भाकरी थापतात. परवा गेलो होतो तेव्हाच पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट होतं, कर्ज फिटल्याचं पत्र. अक्काताईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "सही कुठं करू?" म्हणाल्या आणि पूर्ण नाव लिहिलं.

मला चहा देताना एवढंच बोलल्या, "दादा, कट्ट्यावर आता सगळी गोष्ट सांगत जावा."

म्हणून सांगितली.