रस्त्याकडे पाठ

आखातातल्या आमच्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्या फ्रेमवाल्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठच मला जास्त ओळखीची होती. खुर्ची कायम आतल्या भिंतीकडे, समोर दापोलीकडच्या त्याच्या गावाचा फोटो. गिऱ्हाईक आलं तरी मान न वळवता "यल्ला, बोला" म्हणायचा. रस्त्याकडे तोंड का करत नाही, असं विचारलं तर म्हणाला, "इथं बघण्यासारखं मफी, ताई. काही नाही. पोटासाठी आलोय."

एकदा मी इटलीतल्या माळरानाचं छापील चित्र फ्रेम करायला नेलं. ते बराच वेळ हातात धरून त्यानं विचारलं, "हे चित्रकाराचं स्वतःचं गाव का?"

"नाही, तो फ्रान्सचा. तिकडचे कितीतरी चित्रकार इटलीत जाऊन तिथली शेतं, तिथलं ऊन रंगवत बसायचे."

"परक्या मुलखात? एवढ्या मायेनं?" त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेले, तर फ्रेम तयार होती आणि खुर्चीचं तोंड दाराकडे होतं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा जरा. आता समोरच्या भिंतीवर ऊन येईल."

आलं. मळकी भिंत पिवळी झाली, तिच्यावर खजुराची सावली हलू लागली.

"मी इथं आल्यापासून हे रोज येतच असणार," तो म्हणाला, "नाही?"